वारुळातला चंचू वाळा

पावसाची पहिली मोठी सर पडली की आम्हा सर्पमित्रांचे फोन वाजायला लागतात. मुळशीतला तो कॉल मात्र वेगळा निघाला. घराचा पाया खणताना जेसीबीने जुनं वारूळ फोडलं आणि मातीतून बिनडोळ्यांचा साप बाहेर पडला, म्हणून काम बंद होतं.

घमेल्याखाली झाकलेला साप पाहिला आणि मी हरखलोच. कुंडीत, मोरीत सापडणारा आपला साधा वाळा जेमतेम वीतभर. हा हातभर लांब, करंगळीएवढा जाड, तपकिरी. आणि तोंड पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलेलं. चंचू वाळा! फक्त भारतीय द्वीपकल्पात आढळणारा, देशातल्या वाळ्यांत सर्वांत मोठा, ६० सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. एवढी वर्षं साप पकडतोय, पण हा प्रत्यक्ष कधी दिसला नव्हता.

हातावर घेतला. डोळ्यांच्या जागी खवल्यांखाली दोन पुसट ठिपके, उजेड-अंधार कळण्यापुरते. इतर सापांसारखे पोटाला रुंद खवले नाहीत. सगळीकडून सारखाच गुळगुळीत. बोटांच्या फटीत चोच खुपसून तो असा जोर लावत होता की मातीत कसा घुसत असेल ते हाताला कळलं. मध्येच शेपटीचा बारीक काटा टोचायचा.

"अहो दादा, टाका तो खाली! कानात शिरतो म्हणतात," घरातल्या आजी ओरडल्या.

"नाही हो आजी. याला विषही नाही. मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या खातो बिचारा."

मग नेहमीचा प्रश्न आला, "लांब जंगलात सोडणार ना?" इथे मी कुणाचंच ऐकत नाही. वाळ्याला झाडी नको, भुसभुशीत ओल हवी आणि जवळ वाळवी हवी. अनोळखी माळावरच्या कडक मुरमात तो शिरणार कुठे? उघड्यावर पडला की पक्षी टिपतात.

खरी अडचण ट्रॉलीत होती. फुटलेलं वारूळ, वाळवी, त्यातलं सगळं जगणं मातीसकट भरावाला निघालं होतं. ट्रॉलीवाला घाईत. मालकांनीच त्याला अडवलं आणि ती खेप मागच्या बांधाला, आंब्याखाली रिकामी करायला लावली. साप तिथेच सोडला, फोटो आणि लांबी वनरक्षकांना कळवली.

निघताना आजी गड्याला बजावत होत्या, "त्या ढिगाला यंदा कुदळ लावायची नाही."