पाद्रीबुवांची नळी

सकाळी चहाच्या आधी आईचं बीपी बघायचं काम माझ्याकडे. दंडाला पट्टा गुंडाळला, बटण दाबलं की मशीन घरघरतं, पट्टा फुगतो आणि आई रोज न चुकता म्हणते, “आवळतंय गं.” आज १४०. “काल १३४ होतं,” आई म्हणाली, कांद्याचा भाव चढल्यासारखी.

पण १४० काय? तर पाऱ्याचे मिलिमीटर. पारा आमच्या मशीनमध्ये औषधालाही नाही.

हे पहिल्यांदा मोजलं गेलं ते फुटांत, आणि मोजणारा गृहस्थ डॉक्टर नव्हता, पाद्री होता. लंडनजवळ थेम्सकाठच्या टेडिंग्टनचे स्टीफन हेल्स. १७०९ ते १७६१, मरेपर्यंत त्याच गावात. कुंडीतलं सूर्यफूल दिवसभरात किती पाणी उडवतं, हेही त्यांनी तराजूवर तोलून पाहिलेलं. एका डिसेंबरात त्यांनी खांद्याला नासूर झालेली चौदा वर्षांची घोडी उताणी बांधवली, मांडीच्या रोहिणीत पितळी नळी घातली आणि तिला नऊ फुटी काचेची नळी जोडली. रक्त सव्वाआठ फूट चढलं, आणि नाडीबरोबर दोन-चार इंच वरखाली होत राहिलं. मग थोडं थोडं रक्त काढत, प्रत्येक वेळी उंची टिपत, घोडी मरेपर्यंत. १७३३ साली त्यांनी हे छापलं. भुलीचं औषध निघायला अजून शंभरेक वर्षं होती. वाचताना चहा घशाखाली उतरेना.

तरी या माणसावर धड रागावताही येत नाही. १७५४ मध्ये त्यांनी गावात पाणी आणलं. धार केवढी, ते बाप्तिस्मे, लग्नं आणि मयतं लिहायच्या चर्चच्या वहीत नोंदवलं: दोन क्वार्टचं, म्हणजे साधारण दोन लिटरचं, भांडं लंबकाच्या तीन झोक्यांत भरतं, झोका सेकंदाचा. शिवाय लंबकाची लांबीही दिली, खिळ्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत ३९.२ इंच. न जाणो, पुढच्या पाद्र्याकडे घड्याळ नसलं तर!

मीही मग कागद घेऊन बसले. पारा रक्ताच्या जवळजवळ तेरा पट जड, त्यामुळे पाऱ्याचे १४० मिलिमीटर म्हणजे रक्ताचा जवळजवळ सहा फुटी खांब. आई पाच फुटांच्या आतली.

“आई, तुझं बीपी तुझ्यापेक्षा फूटभर उंच आहे.”

आईने पट्टा सोडून माझ्या हातात दिला. “लोणचं बंद ना? मग सरळ सांग की.”