राकोव श्कोत्स्यानची चौथी फेरी : घळ भरलेली पाहिली

ज्यासाठी ही एकच वाट पुन्हा पुन्हा चालतो आहे, ते या खेपेला दिसलं. विसरायच्या आत नोंद करून ठेवतो.

पहिल्या तीन नोंदी न वाचलेल्यांसाठी जागेची ओळख. स्लोव्हेनियातली राक नदी झेल्शके यामे या गुहेतून उजेडात येते, साधारण अडीच किलोमीटर जंगलातून उघड्यावर वाहते आणि त्काल्त्सा यामा या दुसऱ्या गुहेत शिरून गडप होते. मधली घळ म्हणजेच राकोव श्कोत्स्यान; मुळात गुहाच, छत कोसळलेली. छताचे दोन तुकडे मात्र टिकून राहिले : वरच्या टोकाला लहान नैसर्गिक पूल, खालच्या टोकाला मोठा. दोन्ही पुलांना गाठणारी, एका काठाने उतरून दुसऱ्या काठाने परत आणणारी वाट आहे. 1949 पासून ही जागा संरक्षित आहे.

अणे घाटाजवळच्या गुळंचवाडीचा पूल पाहिलेल्यांना लहान पुलाची कमान ओळखीची वाटेल. दगड मात्र वेगळा. हा क्रिटेशस काळातला चुनखडक, आपल्या दख्खनच्या लाव्ह्याहून जुना. पावसाचं पाणी हवेतून आणि विशेषतः जंगलाच्या मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि खडक विरघळवत भेगा रुंद करत जातं. त्यामुळे उतारावर ओहोळ दिसत नाही, सगळं पाणी आत जिरतं. सह्याद्रीत पावसाळ्यात प्रत्येक नळी वाहताना बघायची सवय असलेल्या मला पहिल्या फेरीत ते कोरडे उतार अस्वस्थ करत होते.

पहिली फेरी ऑगस्टची. लहान पुलाखाली पात्रात दगड आणि दोन डबकी, एवढंच. खाली कोत्लिचीच्या झऱ्यांपाशी गेल्यावर नदी पुन्हा नदीसारखी दिसली. हे पाणी यावोर्निकी डोंगराच्या पोटातून येतं. हात घातला तर बोटं बधिर झाली.

दुसरी ऑक्टोबरची, आणि ती पायांना धडा देऊन गेली. कोरड्या चुनखडकावर बूट छान धरतो. पण शेवाळं धरलेला, वर बीच या झाडाची ओली पानं पडलेला चुनखडक आपल्या ओल्या कातळापेक्षा वाईट, कारण पानांखाली खाच आहे की कड, तेच कळत नाही. मोठ्या पुलाकडे उतरताना गुडघा आपटला. तेव्हापासून काठी सोडलेली नाही. आधी काठी टेकायची, मग पाय. तिसरी फेरी एप्रिलमध्ये, पाणी मध्यम, चाल उत्तम. फक्त गोचीड. या देशात गोचिडीतून मेंदूज्वर पसरतो, म्हणून लस घेऊनच जा आणि परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत नीट तपासा.

आता चौथी. नोव्हेंबरअखेर, सलग काही दिवस पाऊस. निघण्याआधी त्सेर्क्नित्साच्या तळ्याकडे नजर टाकली, कारण राकचं बरंचसं पाणी तिथून जमिनीखालून येतं. हे तळं उन्हाळ्यात आटून कुरण होतं आणि पावसात भरतं. ते का आटतं-भरतं हे समजावून सांगण्याच्या खटपटीमुळेच वाल्वासोर हा इथला सतराव्या शतकातला अभ्यासक 1687 साली लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य निवडला गेला. तळं काठोकाठ होतं. तेव्हाच वाटलं, आज घळ रिकामी नसणार.

लहान पुलावर उभा राहिलो तेव्हा आवाज आधी आला. ऑगस्टमध्ये जिथे मी दगडावर बसून डबा खाल्ला होता, तिथून गढूळ हिरवं पाणी रोरावत चाललं होतं. नेहमीसारखा पाण्याबरोबर खाली निघालो. अपेक्षा अशी की खाली उतार मिळेल तसा आवाज वाढेल. झालं उलटंच. अर्ध्या वाटेनंतर आवाज कमी होत गेला आणि मोठ्या पुलाच्या अलीकडे पूर्ण थांबला. समोर तळं! गवताचं मैदान पाण्याखाली, बीचची झाडं कमरेपर्यंत बुडालेली, पानं जागच्या जागी गोल फिरताहेत. त्काल्त्सा यामाला एवढं पाणी एका वेळी गिळता येत नाही, म्हणून ते मागे तुंबतं. हे वाचलेलं होतं. पण रोरावणारी नदी अशी गप्प झालेली पाहताना बराच वेळ पाय हलेना.

ते पाणी आत कुठे जातं? प्लानिनाच्या गुहेत. तिथे अंधारात राक आणि पिव्का यांचा संगम होतो आणि बाहेर येताना नदीचं नाव उनित्सा होतं. उनित्सा पुन्हा जमिनीत शिरते आणि वर्ह्निकाजवळ ल्युब्ल्यानित्सा म्हणून वर येते. माझी फेरी चार पावलांची तर या पाण्याची किती मजलांची, असं तिथे उभं राहून वाटत होतं.

खालची वाट बुडाल्यामुळे पूर्ण फेरी झाली नाही. वरच्या जंगलरस्त्याने वळसा घेतला आणि मोठ्या पुलावर चढलो. संत कांतियानच्या चर्चचे अवशेष इथेच आहेत. श्कोत्स्यान हे नाव त्याच संतावरून. परतताना एक गोष्ट टिपली : वाटेजवळच्या बुंध्यांवर वाळलेल्या चिखलाची फिकट रेघ, माझ्या डोक्याच्याही वर. म्हणजे मी पाहिलेलं पाणी अजून बरंच खालचं. त्यातल्या तीन झाडांच्या जागा नकाशावर खुणा करून ठेवल्या आहेत. मार्चमध्ये बर्फ वितळताना पाचवी फेरी; तेव्हा रेघ आणि पाणी यांत किती अंतर राहतं ते काठीने मोजून लिहीन.