ऊन पडू द्या, मंग जा: पेंचच्या वेशीवर एकट्याने धावताना

मार्च संपत आला की नागपुरात धावणाऱ्यांची घाई सुरू होते. आठ वाजले की डांबर तापायला लागतं, म्हणून फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स सगळीकडे लोक अंधारातच बाहेर पडतात. हेच घड्याळ घेऊन कुणी पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला धावायला निघणार असेल, तर त्याने आधी तिथल्या गावात विचारावं. एवढ्यासाठीच हे लिहितोय.

नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर मागे टाकलं की महामार्गाच्या दोन्ही अंगांना साग सुरू होतो. पुढे काही ठिकाणी रस्ताच उंच उचललाय आणि खालची वाट जनावरांना सोडलीय. त्यातला सर्वांत लांब भुयारी मार्ग ७५० मीटरचा आहे आणि त्याखालून वाघ गेल्याचं कॅमेऱ्यांत टिपलं गेलंय. पवनीला मी महामार्ग सोडतो आणि सिल्लारीच्या दिशेने वळतो. व्याघ्र प्रकल्पाचं २५७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान याच भागात. आत पायी फिरायची परवानगी नाही, आणि ती नसलीच पाहिजे. मी धावतो ते बाहेर, गावांना जोडणाऱ्या डांबरी रस्त्यावर.

यावेळी बूट बांधून निघालो तेव्हा पूर्व नुकती उजळत होती. शेवटच्या घरासमोर एक आजी टोपलं घेऊन बसल्या होत्या. मोह वेचायला निघायचं, पण सोबतीण यायची होती.

“एकटेच चालले का जी?”

“हो आजी, पुढच्या पुलापर्यंत पळून येतो.”

“ऊन पडू द्या बाबू, मंग जा. आता मोहाखाली अस्वल रायते.”

मी बसलो. त्यांनी सांगितलं ते सगळं कामाचं होतं. मोहाची फुलं रात्री-पहाटे गळतात. अस्वलाला ती माणसाइतकीच आवडतात. माणूस वाकून वेचत असतो, अस्वल खाली तोंड घालून खात असतं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता लागतो तो फार जवळ आल्यावर. म्हणून बायका एकट्या जात नाहीत आणि मोठमोठ्याने बोलत जातात. आजींना वाघाची नव्हे, अस्वलाची धास्ती जास्त. मलाही तेच पटतं. वाघ माणसाला बहुतेक वेळा आधीच हेरतो आणि बाजूला होतो. अस्वलाची नजर अधू, वारूळ उकरताना ते स्वतःच इतका आवाज करतं की आपण आल्याचं त्याला कळत नाही. आणि दचकलं की ते सरळ अंगावर येतं.

ऊन चांगलं पडल्यावर निघालो. रस्त्याला लागूनच एक वारूळ ताजं फोडलेलं होतं, आतली माती अजून ओली. शेजारच्या धुळीत मागच्या पायाचा ठसा. पहिल्या नजरेत अनवाणी माणसाचाच वाटावा असा रुंद पंजा आणि टाच, पण बोटांपुढे नखांची टोकं रुतलेली. हे माझ्या दोन पावलांवर. सूर्य उगवायच्या आधी मी इथूनच गेलो असतो.

अशा रस्त्यावर एकट्याने धावायचं तर वेग विसरायचा. हेडफोन तर नकोच. वळणाआधी मी चालतो, टाळी वाजवतो, मोठ्याने काहीतरी बोलतो. शहरात हे विचित्र दिसेल, इथे कुणी वळूनही बघत नाही. झाडावर वानरं निवांत पानं खात असतील तर मीही निवांत. त्यांचा खोकल्यासारखा इशारा आला की जागीच थांबायचं. चितळ तसं लहानसहान गोष्टीलाही ओरडतं, पण सांबर सहसा उगाच ओरडत नाही. त्याचा कॉल आला आणि लागोपाठ येत राहिला, तर त्या दिवशीचं धावणं तिथेच संपलं. परत फिरायचं तेही चालत. वाघ-बिबट्यासमोर पळणाऱ्या पाठीइतकं वाईट काही नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून, ताठ उभं राहून, हळूहळू मागे सरकायचं. बूट सुटला तरी उघड्यावर वाकून नाडी बांधत बसायचं नाही.

काही जण म्हणतात, मग एकटं जायचंच कशाला? सोबत असेल तर उत्तमच, आणि नवख्याने सोबतीशिवाय जाऊच नये. पण दोघं धावलो की गप्पा रंगतात आणि मला जंगल ऐकू येत नाही. त्या दिवशी पळसाखालून जाताना फुलांवर भांडणाऱ्या पक्ष्यांचा कलकलाट, लांब कुठेतरी मोर, आणि सागाच्या वाळल्या पानांवर स्वतःची पावलं, सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. त्यासाठीच मी येतो.

साडेनऊला परतलो तेव्हा आजींच्या अंगणात मोह वाळत पडला होता. उन्हाने माझं डोकं भणभणत होतं. मार्च-एप्रिलात या रस्त्यावर लांब पल्ला जमत नाही, पाच-सहा किलोमीटर झाले तरी पुष्कळ. लांब धावायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत या. तेव्हा ऊन पडेपर्यंत थांबलात तरी हवा गारच असते.