तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीआडच्या बागेची चव

‘बर्गंडीची ती नामांकित रेड वाइन लागते तरी कशी, आणि द्राक्षे तर आपल्या नाशिकलाही होतात, मग तिच्यात वेगळे ते काय?’ द्राक्षबागायतदाराच्या घरातला मुलगा फ्रान्सला जाऊन ती पिऊन आला, हे कळल्यापासून हा प्रश्न मला लग्नकार्यांतही विचारला जातो.

मी चाखली ती वाइन फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या क्लो द वूझो या बागेची होती. सितो येथील मठाच्या सिस्टर्सियन, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्या, साधूंनी बाराव्या शतकात ही बाग उभी करायला घेतली आणि १३३६ च्या सुमारास तिच्याभोवतीची दगडी भिंत पुरी केली. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची मालकी गेली, तरी १८८९ पर्यंत बाग एकसंध राहिली. आज त्याच भिंतीच्या आतल्या सुमारे ५० हेक्टरांत, म्हणजे सव्वाशे एकरांत, जवळजवळ ऐंशी मालक आहेत. आपल्याकडे वेलीला थंडीची झोप मिळत नाही म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड छाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. तिथे वेल हिवाळ्यात पूर्ण निष्पर्ण होतो, त्याच काळात छाटला जातो, आणि हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेल इतके दाटीने लावलेले असतात की आमचा ट्रॅक्टर त्या ओळींत शिरणारही नाही.

माझ्यापुढे एकाच सालचे, बारा वर्षे मुरलेले दोन पेले ठेवले होते. द्राक्ष एकच, पिनो न्वार; परंतु पहिल्या पेल्याची द्राक्षे चढावरची, जुन्या वाड्याजवळची होती, जिथे चुनखडीच्या खडकावर मातीचा पातळ थर आहे आणि पाणी ठरत नाही, तर दुसऱ्याची खाली रस्त्यालगतची, जिथली चिकणमाती खोल आणि ओल धरणारी आहे.

पहिल्या पेल्याचा रंग फिकट माणकासारखा होता, कारण या द्राक्षाची साल पातळ असते. वास आधी चेरीचा आला, मग सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पावसात भिजलेल्या पालापाचोळ्याचा. जिभेवर ती अगदी हलकी वाटली. आंबटपणा स्वच्छ होता, तुरटपणा मात्र जांभळासारखा जीभ धरून ठेवणारा नव्हता, घोट गिळल्यावर हिरड्यांशी किंचित रेंगाळणारा होता, आणि तो घोट संपल्यावरही गुलाबाचा वास कितीतरी वेळ तोंडात राहिला. द्राक्षापासून इतकी नाजूक आणि तरीही इतकी टिकणारी चव निघू शकते, यावर त्या दिवसापर्यंत माझा विश्वास नव्हता.

दुसरी वाइन अधिक जाड, अधिक तुरट आणि वासाला मुकी होती. करणारे हात निराळे होते, त्यामुळे सगळा फरक मातीचाच असे मी म्हणणार नाही. पण बागायतदाराच्या डोळ्यांना पाणी धरणारी जमीन त्या पेल्यातही ओळखू आली. भिंतीच्या आतली प्रत्येक बाटली कायद्याने ग्रां क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाची. माझ्या मते मात्र भिंतीच्या नावापेक्षा ओळ कुठली आणि मालक कोण, हे विचारूनच पैसे द्यावेत.

तासाभराने मी तो दुसरा पेला पुन्हा उचलला, तेव्हा त्यातला तुरटपणा निवळला होता आणि खालच्या मातीतल्या त्या वाइनलाही गुलाबाचा मंद वास सुटला होता.