दाखल नसलेलं पुस्तक

वकीलसाहेबांची पुस्तकं आली ती युरियाच्या पोत्यांत. चौदा पोती, मे महिन्यातली सकाळ, साडेसातची वेळ. छोट्या हत्तीवाल्याला परतीचं भाडं गाठायचं होतं, म्हणून त्यानं ती वाचनालयाच्या ओट्यावर अक्षरशः लोटून दिली. वाडा विकला गेला होता. नागपूरच्या सूनबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "ताई, कायद्याची आहेत, मुलांची आहेत, सगळं मिसळलेलं आहे. तुम्हीच बघा."

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी दर्जांत सगळ्यात खालचं. भंडारा जिल्हा, चुलबंदच्या खोऱ्यातलं गाव; एक खोली, एक ओटा, सात कपाटं. ग्रंथपाल म्हणजे दिवसभर वाचत बसणारी बाई असं लोकांना वाटतं. खरं काम वह्यांचं आहे. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि ते या वह्या बघून येतं. दाखल नोंदवहीत क्रमांक पडला नाही, तर पुस्तक कपाटात असून वाचनालयात नसतं. विकत घेतलेल्याला बिल लागतं, भेट आलेल्याला दात्याचं पत्र आणि कार्यकारिणीचा ठराव. ठराव होईस्तोवर ते ना दात्याचं, ना आमचं. वाचकांचं म्हणाल, तर खोलीत रोज दहा-बारा पोरं असतात, पण ती भरतीची. तलाठी, वनरक्षक, पोलीस. आपापली गाईडं घेऊन येतात, पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडतात आणि वर्ष-वर्ष कपाटाला हात लावत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे, थोडा देते.

त्या दिवशी सुट्टीवरची एक सहावीतली पोरगी मदतीला आली होती. मी तिला आधी पुस्तक काढायचं कसं ते शिकवलं. सगळे वरून कण्याला बोट घालून ओढतात आणि कणा फाडतात. शेजारची दोन पुस्तकं आत ढकलायची, मग मधलं कमरेत धरून काढायचं. जुन्या कागदाची कड बिस्किटासारखी तुटते, त्यामुळे पान कोपऱ्यानं उलटायचं नाही. प्रत्येक पुस्तक उघडून झटकायचं नाही, तर मऊ ब्रशनं शिवणीकडून बाहेर झाडायचं, कारण कसर शिवणीत बसते. तीन पोत्यांत वाळवी निघाली, ती पोती लगेच उन्हात, बाकीच्यांपासून लांब. हे सगळं मी कुठल्या कोर्सात शिकले नाही, पुस्तकं खराब करून करून शिकले.

आता त्या संग्रहाची गंमत. वकीलसाहेबांचा बाइंडर एकच असावा, आणि त्याला हुकूमही एकच असावा. काळं रेक्झिन, कण्यावर लाल पट्टी, सोनेरी अक्षरं. १८६० च्या पीनल कोडवरचं भाष्य, १८७२ चा पुरावा कायदा, मध्य प्रांताचा १९१७ चा जमीन महसूल कायदा, १९२० चा कूळ कायदा, नागपूरला १९३६ मध्ये हायकोर्ट होण्याआधीच्या ज्युडिशियल कमिशनरच्या काळातले निकाल, नागपुरातूनच निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे खंड. आणि अगदी त्याच काळ्या पोशाखात जंगलातल्या गोष्टी, चातुर्यकथा, रशियन बालकथांचे मराठी अनुवाद, बालमासिकांचे वर्षवार गठ्ठे. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘गोष्टी, खंड ४’. पोरगी एक जाडजूड खंड उघडून म्हणाली, "ताई, ह्या कायद्यात कोल्हा आहे." आम्ही दोघी ओट्यावर बसून किती तरी वेळ हसलो. मग ती म्हणाली, "हे मी नेऊ?" मी म्हटलं, "ने."

एवढंच. ना नोंद, ना सही. मला त्या क्षणी वह्या आठवल्यासुद्धा नाहीत. हे मुद्दाम सांगते आहे.

कायद्याच्या पुस्तकांचं मात्र लगेच डोकं दुखायला लागलं. पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या ड्युई पद्धतीप्रमाणे कायदा ३४०. पण जमीन महसुलाचा कायदा तिथे टाकावा, की जमिनीच्या ३३३ मध्ये, की सरकारी उत्पन्नाच्या ३३६ मध्ये? १९०८ चं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं, ते ९५४. आमचे सचिव नऊच्या सुमारास डोकावले, पोत्यांकडे बघून म्हणाले, "एका कपाटावर ‘इंग्रजी’ लिहून टाका नं बाई." जाता जाता हेही म्हणाले, की असल्या जुन्या पुस्तकांना नागपुरात भाव येतो, तेव्हा जरा सांभाळून. सचिवांचा वाचनाशी संबंध सही करण्यापुरता आहे. तरी ते ‘सांभाळून’ माझ्या डोक्यात बसलं, हे खरं.

दहा वाजता एक म्हातारे सायकल टेकवून आले. डोक्याला दुपट्टा, हँडलला प्लास्टिकची पिशवी. शेजारच्या गावचे ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे.

"वकीलसाहेबाचे पुस्तकं आले म्हनते इथं?"

"आले जी. बसा, बाबाजी. पाणी घ्या."

"त्याच्यात एक लाल पट्टीचं जाडं पुस्तक आहे. आमच्या तलावाचं लिवलं आहे त्याच्यात. मले साहेबानं सोता दाखवलं होतं."

लाल पट्टी सगळ्यांनाच होती.

आमच्या भागाबाहेरच्यांसाठी थोडं सांगावं लागेल. इथे गावोगाव तलाव आहेत, आणि आम्ही त्यांना मामा तलाव म्हणतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी; मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा जमीनदार. बरेचसे कोहळी समाजातल्या शेतकऱ्यांनी बांधलेले, काही मालगुजारांनी. विदर्भ मध्य प्रदेशात असताना १९५० चा कायदा आला, ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पण पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, जायचं, मासे कोणी धरायचे, शिंगाडा कोणी लावायचा, हे रिवाजाचं होतं. इंग्रजी बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या वेळी हे रिवाज गावागणिक लिहून घेतले गेले; त्या कागदाला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. महाराष्ट्राच्या १९६६ च्या महसूल संहितेतही निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या चराई-सरपणासारख्या हक्कांची नोंद, कलम १६१ ला आणि वाजिब-उल-अर्ज १६५ ला आहे, पण तो भाग फक्त विदर्भापुरता. पुण्याकडच्या वकिलाला विचाराल तर तो तुमच्याकडेच बघत बसेल. हे मला त्या दिवशी येत नव्हतं, नंतर वाचलं.

बाबाजींच्या गावानं २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा टाकला होता. तलाव जंगलाच्या काठाला आहे, आणि त्या कायद्यात पाण्यातल्या मासळीचा हक्कही येतो. दुसऱ्या दिवशी तालुक्याला, दावे तपासणाऱ्या समितीसमोर जायचं होतं.

आम्ही शोधायला लागलो. त्यांना इंग्रजी येत नाही, मराठी जेमतेम, पण ते पुस्तकं हातात घेऊन वजन करायचे आणि बाजूला ठेवायचे. "हे नाही. ते याच्याहून भारी होतं." अकराव्या पोत्यात मिळालं. १९१७ चा महसूल कायदा, आणि भारी का होता तेही कळलं. वकीलसाहेबांनी प्रत्येक छापील पानानंतर एक कोरं पान शिवून घेतलं होतं. जुने वकील असं करायचे, निकाल आणि टिपणं तिथे उतरवायचे. कोऱ्या पानांवर शिसपेन्सिलीनं, बारीक, डावीकडे झुकलेली मराठी. आणि एका पानावर खरोखरच त्यांच्या तलावाचं नाव. पुढे: मासे व शिंगाडे ढिवरांकडे पूर्वापार, वा. अ. पाहावा. मग मिसलीचा, म्हणजे बंदोबस्ताच्या जुन्या दप्तराचा, क्रमांक.

मी ते वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "मले हे दोन दिवसासाठी भेटन का, ताई?"

मी नाही म्हटलं.

कारणं धडाधड आली. अजून दाखल झालं नाही. ठराव नाही. तुम्ही सभासद नाही, अनामत नाही. याची दुसरी प्रत कुठेच नसणार. कागद असा की पिशवीत घालून सायकलवर नेलं तर तालुक्याला भुगा पोचेल. यातलं शेवटचं कारण खरं होतं. झेरॉक्स करायची तर तीही तालुक्यालाच, आणि काचेवर दाबलं असतं तर शिवण गेली असती. म्हणून मी मोबाईलवर फोटो काढले. पेन्सिल इतकी फिकट की फोटोत नुसतं राखाडी पान दिसत होतं. खिडकीशी तिरप्या उजेडात धरल्यावर दोन बरे आले. त्यांच्याकडे साधा फोन. बुटीबोरीत कंपनीत असलेल्या मुलाचा नंबर पिशवीतल्या डायरीत होता, त्याला पाठवले.

बाबाजी काही बोलले नाहीत. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पुस्तक मिटवलं, दुपट्ट्यानं पुठ्ठा पुसला, माझ्यासमोर ठेवलं. "बरं आहे नं जी, तुमच्याजवळ राहीन तं चांगलं राहीन." आणि गेले.

समितीनं दावा पुराव्यासाठी परत पाठवला. हे मला आठ दिवसांनी कळलं. ओळखीच्या एका वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, पुस्तक नेलं असतं तरी उपयोग नव्हता. वकिलाच्या खासगी टिपणाला कोण विचारतो? मिसलीची प्रमाणित नक्कल लागते. मला हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण बाबाजी काही पुरावा कायदा शिकून आले नव्हते. त्यांना ते जाड पुस्तक साहेबाच्या टेबलावर ठेवायचं होतं, आणि बोट ठेवून दाखवायचं होतं की बघा, मी मनानं सांगत नाही.

मग मी वनहक्काचे नियमच काढून वाचले, आणि खरी टोचणी तिथे लागली. त्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे. आणि गावातल्या, स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनसुद्धा. एकाहून अधिक पुरावे बघायचे असतात. १९०८ चं गॅझेटियर त्या वेळी माझ्या पायाशी पडलेलं होतं. मी त्याला ९५४ द्यावा का, यावर अर्धा तास घालवला होता. त्यांच्यासमोर उघडावं असं सुचलं नाही. ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथन यांची १९३१ ची पाच सूत्रं आम्ही परीक्षेला घोकली. त्यातलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. मी म्हाताऱ्यांना त्यांनी मागितलेलं पुस्तक दाखवलं आणि नाकारलं, आणि त्यांना लागणारं दाखवलंच नाही.

आणि त्याच सकाळी पोरीला म्हटलं होतं, "ने."

मी याचा बराच विचार केला आहे. लहान मूल, स्वस्त पुस्तक, हरवलं तरी काय, असं म्हणता येईल. पण ‘गोष्टी, खंड ४’ चीही दुसरी प्रत नाही. तो गठ्ठाही कोणीतरी एकदाच बांधला. पूर्वी एका शिक्षकांनी संदर्भकोशाचा खंड नेऊन बुडवला होता आणि पैसे माझ्या मानधनातून गेले, ते भय मनात असेल. पण शिक्षकांना मी त्या वेळी नाही म्हटलं नव्हतं, खुर्ची देऊन चहा पाजला होता. इथवर आलं की मला पुढे विचार करायला नको वाटतं.

जूनमध्ये ठराव झाला. तपासणीला आलेले साहेब काळ्या-सोनेरी रांगा बघून खूश झाले, फोटो काढून घेतला; एकही खंड उघडला नाही. महसूल कायद्याला दाखल क्रमांक मिळाला, कपाटात कुलपात आहे. नकलेचा अर्ज मी बाबाजींना लिहून दिला, टिपणातला मिसल क्रमांक घालून, आणि गॅझेटियरमधल्या तलावांच्या पानांचे चांगले फोटो छापून सोबत दिले. त्यांनी अंगठा न लावता सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

नक्कल अजून आलेली नाही. पोरगी आता तिसरा खंड घेऊन गेली आहे. मुलांची पुस्तकं ठरावात घ्यायची राहिली, त्यामुळे तोही कुठल्याच वहीत नाही.