सुकतीच्या तीन तासांचे जंगल

गेली अकरा वर्षे मी गोव्याच्या किनारपट्टीवरील उद्याने आणि वने दाखवण्याचे काम करतो. मार्चमधल्या त्या रविवारी पेडणे तालुक्यातील मराठी शाळांच्या चौदा शिक्षकांना मी चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य दाखवणार होतो. आधी भरतीच्या पाण्यात होडीतून कांदळवन आणि मग दुपारी पणजीतली उद्याने, असा बेत होता. मात्र बस उशिरा आली. त्यात आदल्या दिवशी एकादशी झालेली असल्याने निम्म्या मंडळींचे पारणे राहिले होते. म्हणून मी क्रम उलटा केला, आणि चूक तिथेच झाली.

पणजीच्या चर्चसमोरील गार्सिया द ओर्ता उद्यान 1855 सालचे आहे. ज्या पोर्तुगीज वैद्याचे नाव त्याला दिले आहे, त्याचा भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. हे सांगताना शिक्षक मन लावून ऐकत होते आणि मीही रमलो. उद्यान सकाळी पाहा किंवा संध्याकाळी, ते जागच्या जागी असते. खाडीतले जंगल तसे नसते, याचा मला त्या वेळी विसर पडला.

रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे पोहोचेपर्यंत अकरा वाजत आले होते. होडी चालवणाऱ्या तांडेलने पाण्याकडे पाहून कोकणीत सांगितले, “सुकती लागल्या, आतां भितर नाका.” म्हणजे ओहोटी लागली आहे, आता आत नको. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. द्वादशीला त्या हिशेबाने नऊ येतात, आणि आमच्याकडे भरती त्याच्याही थोडी आधीच होते. म्हणजे पाणी उतरू लागून अडीच तास होऊन गेले होते. तरीही एवढ्या लांबून आलेल्या माणसांना रिकाम्या हाताने कसे पाठवायचे, म्हणून मी आग्रह धरला. तांडेल माझ्यापेक्षा वयाने मोठा. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि दोर सोडला.

परतताना एकच्या सुमारास, एका अरुंद फाट्यात, होडीचा तळ चिखलाला टेकला. पक्की जमीन वीसेक पावलांवर दिसत होती आणि एक सर पँट दुमडून उतरू लागले. तांडेलने काही न बोलता हातातला बांबू चिखलात दाबला. तो कोपरभर गेला, हातभर गेला, आणि तरी टेकेना. सर परत बसले. पाण्याच्या सहा बाटल्या होत्या. त्या मी मोजून वाटल्या. पाणी पुन्हा चढायला तीन तास लागणार हे सांगताना मला फार अपराधी वाटत होते, आणि ते मी सर्वांना तसेच सांगितले.

होडीवर चिपीच्या झाडाची सावली होती, एवढेच नशीब. थोड्या वेळाने एका बाईंनी नाकाला पदर लावून विचारले, “इथे गटार सोडलेय का हो?” तो वास गटाराचा नव्हता. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. पाने कुजतात ती प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंमुळे, आणि त्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सुटतो. म्हणूनच तिवराची, म्हणजे इथल्या एका खारफुटीच्या झाडाची, मुळे जमिनीतून पेन्सिली रोवाव्यात तशी वर येतात आणि हवा घेतात. एरवी मी हे पाण्याकडे बोट दाखवून सांगतो आणि लोक मान डोलावतात. त्या दिवशी अशी शेकडो मुळे आमच्या चहूबाजूंना उघडी होती, आणि प्रत्येकावर भरतीच्या पाण्याची रेघ स्पष्ट उमटलेली होती.

मग चिखल हलू लागला. निवट्या, म्हणजे चिखलात राहणाऱ्या मासळ्या, कल्ल्यांच्या पंखांवर रेलून सरपटत बाहेर आल्या. दोघींनी पाठीवरचे पर उभारून एकमेकींना हटकले. एक नांगी देहाएवढी मोठी असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी ती नांगी वरखाली करत होते. ती फक्त नरालाच असते आणि मादीला बोलावण्याच्या कामी येते. मी तिवराची फांदी ओढून पानाची पाठ बाईंना दाखवली. तिच्यावर मिठाचे बारीक कण चिकटले होते. त्यांनी बोट फिरवून जिभेला लावले, आणि मग ते पान मागच्या बाकापर्यंत फिरले. मुळांनी पाण्याबरोबर आत घेतलेले मीठ हे झाड पानांतून असे बाहेर टाकते. पलीकडच्या बांधाकडे बोट करून तांडेलने त्याच्या खाजन शेताची, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेताची, पाणी अडवणाऱ्या मानशीच्या फळ्यांची आणि लाटांचा मार आधी अंगावर घेणाऱ्या या झाडांची हकिकत सांगितली. त्याचे ते सांगणे माझ्या अकरा वर्षांच्या माहितीपेक्षा वजनदार होते.

अभयारण्य 1988 सालचे, 178 हेक्टरांचे. मी आजवर ते बहुधा पाण्यावरून पाहिले आणि पाण्यावरूनच दाखवले होते, कारण भरतीत छायाचित्रे चांगली येतात.

चारच्या सुमारास मुळांच्या बुडाशी पाण्याची एक बारीक रेघ सरकत आली. खेकड्यांनी बिळांची तोंडे चिखलाने बंद केली. सव्वाचारला होडी एका बाजूने किंचित उचलली गेली आणि तांडेलने बांबू हातात घेतला. धक्क्यावर उतरल्यावर मी त्याची माफी मागितली. त्याने खांदे उडवून उधाणाच्या तिथी सांगितल्या, आणि मी त्या वहीत लिहून घेतल्या.

त्या बाई आता आपल्या शाळेची मुले घेऊन येणार आहेत. त्यांना ओहोटीची वेळ हवी आहे, होडी नको. धक्क्यापासून आत जाणाऱ्या पायवाटेने फिरायचे. तारीख मी तांडेलला विचारून कळवली आहे.