नवेगावच्या जुन्या घरापर्यंत, जिप्सीत बसून

ताडोबाची सफारी बुक करताना खात्यातून पैसे कटले आणि तिकीट निघालंच नाही, असं तुमच्यासोबत झालं असेल तर बँकेत तोंडी बोलत बसू नका. लेखी अर्ज द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. मला हे कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर आईला दिवाळीनंतर लगेच नेता आलं असतं. थंडी पार सरत येईपर्यंत तिला थांबावं लागलं, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आम्ही मूळचे नवेगाव रामदेगीचे. ताडोबाच्या कोअरमधलं, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यातलं गाव. माझं लग्न होऊन मी चिमूर तालुक्यात आले आणि पुढे काही वर्षांनी व्याघ्र प्रकल्पासाठी गावच उठलं. एका कुटुंबामागे १० लाखांचं पॅकेज होतं, भावानं ते घेतलं आणि बाहेर घर बांधलं. गाव उठल्याबद्दल माझी तक्रार नाही. वाघाला जागा पाहिजे हे आम्हाला कोणी शिकवायला नको, आमची ढोरं त्यानं कितीदा नेली. पण आईला एकदा ती जागा पाहायची होती. बाबा गेल्यापासून तिचं हेच चालू होतं: "मले एक डाव तिथं नेऊन आण."

आता कोअरमध्ये जायचं म्हणजे सफारीच करावी लागते. ऑनलाइन बुकिंग, जिप्सी, सोबत गाइड. जिच्या घराची चूल तिथं पेटत होती तिलाही हाच रस्ता. मला वाटतं, उठलेल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वर्षातून एकदा तरी गेटवर नुसतं ओळखपत्र पाहून आत सोडायला हवं.

तर बुकिंग. आम्ही सहा जण होतो: आई, मी, हे, भाऊ, वहिनी आणि भाचा. एका जिप्सीत सहाच जण बसतात, त्यामुळे हिशेब बरोबर जमला. तालुक्याच्या एका ऑनलाइन सेंटरवर गेलो. पोरानं सगळ्यांची नावं, आधारचे नंबर भरले आणि शेवटी स्क्रीनवर क्यूआर कोड आला. मी माझ्या मोबाइलवरून स्कॅन केला, पिन टाकला. आठ हजारांच्या वरची रक्कम. मोबाइलवर चक्र फिरत राहिलं आणि शेवटी "पेंडिंग" आलं. तिकडं स्क्रीनवर वेळ संपल्याचं आलं आणि पान पहिल्यापासून सुरू. बँकेचा मेसेज मात्र टणकन आला: रक्कम वजा. पोरगा म्हणाला, "ताई, रात्रीपर्यंत येऊन जातील वापस." रात्री "पेंडिंग"चं "फेल्ड" झालं. पैसे आले नाहीत. आम्ही धरलेली तारीख तोवर भरून गेली.

इथून पुढं जे झालं त्याला टोलवाटोलवी हा एकच शब्द आहे. बुकिंगच्या मदत क्रमांकावर फोन केला. त्यांनी नीट तपासून सांगितलं, पैसे आमच्यापर्यंत आलेच नाहीत, बँकेत विचारा. बँकेत गेले तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, ज्याला दिले त्याला मागा. मी म्हटलं, त्याला पोचलेच नाहीत. ते म्हणाले, मग सेंटरवाल्याला धरा. सेंटरवाल्याचा यात काय संबंध? त्याच्या खात्यात तर एक रुपया गेला नव्हता. पासबुक छापून घेतलं. त्यात ती ओळ स्पष्ट होती: तारीख, लांबलचक आकडा, वजा रक्कम. साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, "गेले ना पैसे? झालं तर," म्हणाले आणि पासबुक काचेखालून परत सरकवलं.

मी अंगणवाडी सांभाळते. बँकेत जायचं तर मुलं मदतनीस ताईंवर सोडून जावं लागतं, एसटीनं जाऊन यायचं तर दुपार तिथंच जाते. तरी खेटे घालत राहिले. कधी सर्व्हर डाउन, कधी साहेब मीटिंगला, कधी "वरून येईल, आमच्या हातात काही नाही". एकदा तर मला सांगितलं, "मॅडम, जंगल फिरायलाच जायचं होतं ना, पुढच्या वर्षी जा." आईचं वय पंचाहत्तरच्या पुढं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. तिथंच उभी राहून मी म्हटलं, "साहेब, आम्ही फिरायला नाही, घर पाहायला चाललो." मागच्या रांगेतले लोक गप्प झाले. काम मात्र तसंच अडलेलं राहिलं.

वाट सापडली ती आमच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींमुळे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयनं दुकानदाराला किंवा कोणत्याही सेवेला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि तिकडं पोचल्याची खात्री आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ती आपोआप परत आली पाहिजे. नाही आली तर उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये बँकेनं ग्राहकाला द्यायचे, ग्राहकानं मागितले नाहीत तरी. गुरुजींनी मोबाइलवर ते काढून दाखवलं आणि आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला.

अर्जात काय लिहायचं ते सांगते, कारण खरी मेख इथंच आहे. "माझे पैसे परत करा" एवढं लिहून भागत नाही. व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, आणि पेमेंटच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की जो १२ आकडी क्रमांक दिसतो तो. परिपत्रकाची तारीख. ५ दिवसांची मुदत कोणत्या तारखेला संपली ती तारीख. त्यानंतरच्या भरपाईची मागणी. सोबत पासबुकच्या पानाची झेरॉक्स आणि "फेल्ड" दिसणारा स्क्रीनशॉट छापून. दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, सही, तारीख. साहेब शिक्का मारायला तयार नव्हते, "ठेवून जा" म्हणाले. मी खुर्चीतून उठलेच नाही. शेवटी शाखा व्यवस्थापकांनी अर्ज हातात घेतला, परिपत्रकाची तारीख वाचली आणि शिक्का मागवला.

मूळ रक्कम त्याच आठवड्यात आली. दर दिवसाचे १०० रुपये मात्र आले नव्हते. हे म्हणाले, जाऊ दे, मूळ पैसे आले ना. मी जाऊ दिलं नाही. पोच घेऊन परत गेले आणि सांगितलं की अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत उत्तर समाधानकारक मिळालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं जाईन, १४४४८ या क्रमांकावर विचारून ठेवलं आहे. भरपाई जमा झाली. रक्कम फार मोठी नव्हती, पण पासबुकात ती ओळ छापून आली तेव्हा मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही.

एक लक्षात ठेवा. ॲपमध्ये "सक्सेस" दिसत असेल आणि तरी तिकीट नसेल, तर पैसे पलीकडं पोचलेले असतात. तेव्हा आधी बुकिंगवाल्यांकडं तक्रार करायची. "पेंडिंग" किंवा "फेल्ड" असेल तर बँक. हा फरक कळला नाही तर दोन्हीकडून हात वर केले जातात.

दुसऱ्यांदा बुकिंग भाच्यानं घरूनच केलं, दोन मिनिटांत झालं. बुधवार घेतला. मंगळवारी कोअर बंद असतो, आणि शनिवार-रविवारी दरही जास्त, गर्दीही जास्त. चिमूरकडून येणाऱ्यांना कोलारा आणि नवेगाव ही गेटं जवळची. पावसाळ्यात, म्हणजे १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर बंदच, तेव्हा त्या महिन्यांचा विचार सोडा. आणि ज्या ओळखपत्राचा नंबर भरला तेच मूळ कार्ड सोबत पाहिजे, झेरॉक्स चालत नाही. बुकिंग झाल्यावर एका माणसाच्या जागी दुसरा नेता येत नाही, म्हणून नावं भरण्याआधी घरात सगळ्यांना पक्कं विचारून घ्या.

मोबाइल आत नेता येत नाही. म्हणून तिकिटाचा कागद छापूनच न्या.

गेटवर जो गाइड मिळाला तो जवळच्याच गावचा पोरगा होता. आमच्याकडं सगळे गाइड इथल्याच गावांतले असतात, हे फार बरं आहे. निघायच्या आधीच मी त्याला सांगितलं, आम्हाला वाघामागं पळायचं नाही, जुन्या नवेगावच्या कुरणाकडं न्या आणि थोडा वेळ थांबा. हे आधी सांगणं गरजेचं आहे. बुकिंग गेटचं होतं, रस्ता कोणता घ्यायचा ते गाइड आणि ड्रायव्हर ठरवतात, आणि न सांगता बसलात तर ते स्वाभाविकच वाघाच्या मागावर जातात. त्यानं आईकडं पाहिलं आणि विचारलं, "मावशी, तुमी नवेगावच्या का?" मग पुढची सफारी तिनंच चालवली म्हणायला हरकत नाही.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं. पुढं अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला, आज कोअर आणि त्याच्या भोवतीचा बफर पट्टा मिळून १७२७ चौरस किलोमीटरचा पसारा आहे. गाइड हे पर्यटकांना सांगतो तसं आम्हालाही सांगू लागला. आई मध्येच बोलली, "थांब बाप्पा. हे चिचेचं झाड." ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. घरं काही राहिली नाहीत, सगळं गवत. पण झाडांवरून तिनं अख्खं गाव मांडलं: इथून बोडीकडं, म्हणजे तळ्याकडं वाट जायची, इथं आपली सांदवाडी, म्हणजे घरामागची परसबाग, तिकडं धानाच्या बांध्या. त्या बांध्यांवर चितळांचा कळप चरत होता आणि कडेला तीन गवे उभे होते. पलीकडून सांबराचा इशारा आला, म्हणजे वाघ जवळ असल्याची ओरड, तशा बाकीच्या जिप्सी तिकडं धावल्या. गाइडनं विचारलं, "जायचं का मावशी?" आई म्हणाली, "वाघ आमच्या बोडीवर रोजच ये. त्याले काय पायाचं."

तिला खाली उतरायचं होतं. ते चालत नाही, आणि चालू नये हेही मला पटतं. गाइडनं ते इतकं हळू समजावलं की तिनं हट्ट केला नाही. दोन्ही हातांनी जिप्सीची सळई धरून ती बसल्या जागेवरून पाहत राहिली, भाच्याला एकेक घर सांगत राहिली. वाघ आम्हाला दिसला नाही.

म्हाताऱ्या माणसाला नेणार असाल तर मागच्या उंच सीटवर बसवू नका, तिथं धक्के सगळ्यात जास्त लागतात. ड्रायव्हरमागची पहिली रांग घ्या. थंडीत सकाळची फेरी टाळा, उघड्या जिप्सीत वारा हाडात शिरतो. दुपारची बरी. कानाला मफलर, गुडघ्यांवर गोधडी. पाणी सोबत असू द्या, पण लघवीचा त्रास असेल तर गाइडला आधीच सांगून ठेवा, वाटेल तिथं उतरता येत नाही.

आता भावाच्या शेजारची दोन कुटुंबं उन्हाळ्यात जायचं म्हणताहेत, तीही आमच्याच गावची. त्यांचं बुकिंग मी आणि भाचा घरीच बसून करून देणार आहोत, आणि पेमेंटच्या वेळी तो १२ आकडी क्रमांक कागदावर उतरवून ठेवणार आहोत.